जुन्या डेमोच्या कॅसेटी विकणाऱ्या मंडळींस खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या रॉक बँडच्या डेमो टेपा, म्हणजे नमुन्यादाखल केलेली कच्ची रेकॉर्डिंगं, शोधून, त्यांच्या कॅसेटी काढून विकणारी तरुण मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कॅसेटच्या कव्हरवर रेकॉर्डिंगचं साल चुकलंय, जागा चुकलीय, ड्रमरचं नाव चुकलंय आणि बी साईडची गाणी शेवटापर्यंत अर्ध्या स्वराच्या आसपास वर सरकलीत. यातली शेवटची चूक तुमची नव्हे, ती सेलांची. बाकीच्या तीन तुमच्या.

मी कोण हे तुमच्यातल्या दोघांना माहीत आहे. "अण्णा, मूळ कॅसेट द्या की, साफ करून आणून देतो" म्हणत तेच माझ्याकडे आले होते. बाकीच्यांसाठी सांगतो. मी टिळकवाडीतला साऊंडवाला. गणपती, लग्नं, कॉलेजांची गॅदरिंगं, मराठीतल्या सभा, कन्नडमधल्या सभा, सगळीकडे माईक लावण्यात उमर गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुमच्या कॅसेटवरच्या बँडच्या चार पोरांना प्रॅक्टिससाठी मी माझं गोडाऊन दिलं होतं. तुम्ही जिच्या प्रती काढून विकताय ती टेप तिथं झाली, आणि रेकॉर्डचं बटण मी दाबलं होतं. बँडचं नाव या पत्रात लिहीत नाही. का, ते पुढं येईलच.

टेप कशी झाली ते आधी सांगतो, कारण तुमच्या कव्हरच्या आत जी कथा छापलीय ती वाचून मला हसू आवरेना.

गोडाऊन दुसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला होतं. पत्र्याचं छत, त्यामुळं आवाज घुमायचा. मंडपवाल्याकडच्या कनाती भिंतींना बांधल्या, गाद्या उभ्या केल्या. एक माईक वाशाला दोरीनं लटकवून ड्रमवर सोडला, दुसरा गाणाऱ्याच्या पुढं, गिटारच्या अँप्लिफायरचा, म्हणजे अँपचा, आवाज त्याच्यातच यायचा. छोटा मिक्सर, त्याच्यातून कॅसेट डेक. बस्स, एवढाच तुमचा "स्टुडिओ". तुमच्या कव्हरवर म्हटलंय तसं कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, लाईव्ह वगैरे काही झालं नाही. रस्त्यावरची वर्दळ थांबावी म्हणून रात्री जेवणं झाल्यावर बसायचो, खरं गाडी काय आपल्यासाठी थांबत नाही. ए साईडच्या तिसऱ्या गाण्याचा शेवटचा कॉर्ड विरत असताना गेटवर गाडीनं हॉर्न दिला. तो नेमका गाण्याच्या सुराच्या जवळपास लागला. गाणारा हसला, तेही टेपवर आहे. परत घेऊया का म्हणून मी विचारलं तर चौघंही नको म्हणाले.

बी साईड दुसऱ्या खेपेची. त्या रात्री लाईट गेली. अँप बंद, डेक बंद, आणि घरी जायला कुणी तयार नाही. मग साधी गिटार काढली. कॅसिओचा छोटा कीबोर्ड सेलवर चालायचा, तो मांडीवर घेतला. ड्रमरनं प्लायवूडच्या खोक्यावर बोटांनी ठेका धरला, आणि मी घरातला टू-इन-वन आणून सेलवर रेकॉर्डिंग लावलं. सेल जुने होते. ते उतरत गेले तशी मोटर मंदावत गेली, टेप हळू फिरत गेली. हळू फिरलेली टेप नीट वेगाच्या मशीनवर लावली की गाणं जलद आणि चढ्या सुरात वाजतं. पटत नसेल तर कॅसिओ ऐका. गिटारच्या तारा उतरतात, चढतात. कॅसिओचा सूर सेल उतरले म्हणून हलत नाही. बी साईडच्या पहिल्या गाण्यात तो जागेवर आहे, शेवटच्या गाण्यापर्यंत जवळजवळ काळी-पांढरीचा फरक पडलेला आहे. कान असलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळावी अशी गोष्ट.

तुमच्या कव्हरवर मात्र छापलंय की बँडनं मुद्दाम विजेकडं पाठ फिरवून हे "अनप्लग्ड सत्र" केलं, आणि सत्र पुढं जाईल तशी पोरांच्या अंगात वीज संचारत गेली. पाठ विजेनंच फिरवली होती, बाबांनो. संचारलं ते काय, ते वर सांगितलंच.

आता तुमची प्रत. मी त्या वेळी चौघांना एकेक कॉपी करून दिली. त्यातली एक गोव्याला गेली, तिच्यावरून कुणीतरी दुसरी केली, त्या दुसरीवरून तिसरी, आणि तुमच्या हाती लागलीय ती बहुधा तीच. कॅसेटवरून कॅसेट केली की प्रत्येक वेळी खरखर वाढते आणि वरचा आवाज मरतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही उपाय केला तो कॉम्प्युटरवर. खरखर काढणारं सॉफ्टवेअर पुरतं चढवलं, त्यात झांजेची शेपूट गेली, गाणाऱ्याचा "स" बुळबुळीत झाला आणि गाडीचा हॉर्न नको असलेला आवाज म्हणून कापून टाकला. हसणं राहिलं. आता ऐकणाऱ्याला कळत नाही की हा गडी कशाला हसला.

त्यापेक्षा प्लेबॅक हेडशेजारचा बारीक स्क्रू बघायचा होता. हेडचा कोन टेपशी काटकोनात नसला की वरचे सूर दबतात. दुसऱ्या मशीनवर भरलेल्या कॅसेटचं हे नेहमीचं दुखणं. बारीक स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, एका कानाला हेडफोन लावायचा, स्क्रूला पाव आट्याहूनही कमी फिरवत जायचं. एका ठिकाणी झांज अशी उघडते की जणू कनात बाजूला केली. तिथं थांबायचं. हे आधी करायचं, कॉम्प्युटर नंतर. हे काम यूट्यूबवर बघूनही येतं, त्याला माझ्यासारखा म्हातारा लागत नाही.

एवढं सगळं कारागिरीचं. कारागिरी सुधारता येते, म्हणून तिच्यासाठी खुलं पत्र कुणी लिहीत नाही. पत्र लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्या एका वाक्यासाठी. माझ्याकडे आलेल्या दोघांना मी विचारलं, चौघांना विचारलंत काय? तर उत्तर आलं, "विकत कुठं द्यायलाव अण्णा, खर्च तेवढा काढायलाव. आणि अख्ख्या जगात असंच चालतंय. बूटलेग नसते तर रॉकचा निम्मा इतिहास गेला असता."

बूटलेग म्हणजे कलाकाराला, कंपनीला न विचारता काढलेली प्रत. त्यांच्या उत्तरातला शेवटचा भाग मला मान्य आहे, आणि तो नीट मांडतो म्हणजे मी तुमच्या विरोधातला माणूस नाही हे तुम्हाला कळेल. १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकी गायक बॉब डिलनच्या न निघालेल्या गाण्यांचा दोन तबकड्यांचा एलपी कोऱ्या पांढऱ्या कव्हरात बाजारात आला. वर गायकाचं नावसुद्धा नव्हतं. त्यात १९६१ च्या घरगुती टेपा होत्या आणि १९६७ साली तळघरात बसून वाजवलेली गाणी होती. रॉकमधला हा पहिला गाजलेला बूटलेग. कंपनीला तळघरातल्या गाण्यांचा अल्बम काढायला १९७५ उजाडलं, आणि १९९१ पासून तर तीच कंपनी आपल्या मालिकेला उघडउघड "बूटलेग" हे नाव देऊन विकायला लागली. म्हणजे चोरवाटेनं आलेल्या मालानं थोरल्या दरवाजाला शहाणपण शिकवलं. यात खोटं काही नाही.

मेटॅलिका या अमेरिकी बँडचं उदाहरण तुम्ही कव्हरवरच दिलंय. दिलंय, पण अर्धंच. १९८२ च्या जुलैत त्यांनी सात गाण्यांचा डेमो केला आणि तो स्वतःच वाटला. त्यांचा ड्रमर लार्स उलरिक हा मुळात टेपांची देवाणघेवाण करणारा पोरगा. पोस्टानं, हातोहात ती कॅसेट अमेरिकाभर आणि बाहेरही फिरली, न्यू जर्सीत रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या जॉन झझुला यांच्या कानी पडली, त्यांनी पोरांना बोलावून घेतलं आणि १९८३ मध्ये पहिला अल्बम निघाला. ती टेप पसरावी ही बँडचीच इच्छा होती. आणि जे पसरवत होते ते एक कोरी कॅसेट आणि पोस्टाचं तिकीट यापलीकडे काही घेत नव्हते. ग्रेटफुल डेड या बँडनं तर १९८४ मध्ये आपल्या कार्यक्रमांत टेप करणाऱ्यांना बसायला वेगळी जागाच नेमून दिली. तिथंही धर्म एकच होता, अदलाबदल करा, विकू नका. तुमच्या कॅसेटची किंमत आठशे रुपये आहे. कोरी कॅसेट, छपाई, कुरिअर सगळं धरून तिचा हिशेब मलाही करता येतो. मी धंदेवाला माणूस आहे.

आता मला जे उदाहरण महत्त्वाचं वाटतं ते. १ जानेवारी १९६२ रोजी लंडनमध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीसमोर बीटल्सनी चाचणी दिली, पंधरा गाणी वाजवली. कंपनीनं नापास केलं, तो किस्सा सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी ड्रमवर पीट बेस्ट होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला काढून टाकलं आणि रिंगो आला. पुढं जग जिंकणाऱ्या बँडमध्ये हा माणूस नाही. सत्तरच्या दशकापासून त्या डेक्का टेपांच्या बूटलेग एलपी निघत राहिल्या, जगभर विकल्या गेल्या, आणि त्यांतून पीट बेस्टला एक पैसा मिळाला नाही. मिळणार तरी कसा? विकणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, हिशेब नाही. १९९५ साली बीटल्सनी जुन्या मालाचा पहिला संच अधिकृतपणे काढला, त्यात त्या चाचणीतली पाच गाणी घेतली, बेस्टनं वाजवलेली आणखीही काही घेतली. तेव्हा कुठं, तेहेतीस वर्षांनी, त्या कामाचा मोबदला त्याच्या हातात पडला. पहिल्या टेपवर जो असतो तो पुष्कळदा पुढच्या फोटोत नसतो. डेमोच्या बाबतीत हा अपघात नाही, रिवाज आहे. निर्वाणा या अमेरिकी बँडचंही तेच. २३ जानेवारी १९८८ ला सिएटलमध्ये जॅक एंडिनोच्या हाताखाली सहा तासांत दहा गाण्यांचा डेमो झाला, खर्च १५२ डॉलर ४४ सेंट. शेवटच्या गाण्यात रीळ संपली, आणखी रिळीचे पैसे घालायची तयारी नव्हती, म्हणून गाणं मधेच विरवून टाकलं. ड्रमवर कोण? दुसऱ्या बँडमधून उसना आणलेला डेल क्रोव्हर. त्यांचा गायक कर्ट कोबेन १९९४ मध्ये गेल्यावर निर्वाणाच्या अप्रकाशित टेपांच्या बूटलेग सीडी एकामागून एक निघाल्या. कंपनीचा मोठा संच यायला २००४ साल लागलं. दहा वर्षं चाहत्यांनी वाट बघायची काय, असं तुम्ही म्हणाल. त्यांचा राग मला कळतो.

खरं आपल्या टेपवरच्या ड्रमरकडे या. तो आज नाही. ज्याचं नाव तुम्ही छापलंय तो त्याच्यानंतर आला आणि त्या टेपवर एकही ठोका त्याचा नाही. गेलेल्याची बायको शहापुरात राहते. तुमची कॅसेट बेंगळुरूला गेली, पुण्याला गेली, दुसऱ्या रेल्वे गेटवरून शहापूरला काही गेली नाही. मी तिला माझ्याकडची टेप ऐकवली. प्लायवूडच्या खोक्यावरचा ठेका ऐकून ती म्हणाली, "जेवायला बसलं तरी ताटावर हेच चालायचं त्यांचं." पुढं तिनं कव्हर हातात घेऊन नाव वाचलं आणि हा कोण, असं विचारलं. काय सांगू? तुम्ही सांगाल?

कायद्याचं थोडक्यात सांगतो, धमकी म्हणून नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वाजवणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आहे आणि तो वाजवल्याच्या पुढल्या वर्षापासून ५० वर्षं चालतो. नव्वदच्या सुरुवातीच्या वादनाला ५० वर्षं अजून झालेली नाहीत, आणि असा हक्क माणूस गेला तरी घरच्यांकडे राहतो. कॅसेटवर ती कुणी बनवली, हक्क कुणाचा, पहिल्यांदा कुठल्या साली निघाली, हे छापणं कलम ५२अ प्रमाणे बंधनकारक आहे. तुमच्या कव्हरवर यातलं काहीच नाही. हक्कभंग ठरला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि एक गंमत. ध्वनिमुद्रणाचा निर्माता कोण, तर ज्यानं पुढाकार घेऊन जबाबदारीनं ते घडवलं तो, असं कायदा म्हणतो. एखादा चतुर वकील असाही युक्तिवाद करील की निर्माता मीच. म्हणजे मी एकट्यानं तुम्हाला परवानगी द्यायची आणि आपण मिळून आठशेचे वाटे करायचे.

तसं मी करणार नाही, आणि त्याला कारण जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं आहे. १९६२ च्या डिसेंबरात तिथल्या स्टार क्लबमध्ये बीटल्स वाजवत होते. क्लबचा स्टेज मॅनेजर एड्रियन बार्बर यानं घरगुती रीळ मशीन आणि एक माईक लावून ते भरून घेतलं. माझ्याच धंद्यातला माणूस. टेपा गायक टेड टेलर यांच्याकडे राहिल्या आणि १९७७ मध्ये त्यांचा एलपी निघाला. टेलर यांचं म्हणणं असं की बिअरच्या बदल्यात बीटल्सपैकी जॉन लेनननं तोंडी होकार दिला होता. बीटल्सनी तो एलपी रोखायचा प्रयत्न केला, वर्षानुवर्षं तो वेगवेगळ्या नावांनी निघत राहिला, आणि शेवटी १९९८ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन स्वतः लंडनच्या कोर्टात उभा राहिला. पिण्याच्या टेबलावरच्या होकाराला त्यानं काडीची किंमत दिली नाही, आणि टेपा बीटल्सकडे आल्या. मी त्या पोरांना कधी बिअर पाजली नाही, गोडाऊनवर चहा आणि गेटजवळची भजी चालायची. परंतु मुद्दा तोच. माईक लावणारा तो माईक लावणाराच.

आता कव्हरवरच्या त्या मोठ्या अक्षरांतल्या ओळीबद्दल. "सीमाभागातला पहिला मराठी रॉक." हे कुणी ठरवलं? आधी कुणी वाजवलंच नाही याची चौकशी केलीत काय? कॅम्पातल्या ख्रिश्चन पोरांनी, गोव्याहून शिकायला आलेल्यांनी त्याच्या कितीतरी आधी गिटारी घासल्या असतील. आणि या टेपवर मराठी गाणं आहे एक. बाकी सगळी इंग्रजी, आणि एका गाण्याचं धृपद कन्नडमध्ये आहे, जे तुम्ही गाण्यांच्या यादीत "अस्पष्ट शब्द" असं नोंदवलंय. अस्पष्ट नाहीत, स्वच्छ आहेत. वडगावच्या पोरानं लिहिलेले आहेत. चौघांत दोन घरं मराठी, एक कन्नड, एक कोकणी. भांडणं व्हायची ती अँपचा आवाज कुणाचा किती यावर. १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी, अशा गावात आपण राहतो. सीमाप्रश्नावर माझं मत काय आहे ते माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे आणि ते मी लपवत नाही. म्हणून तर सांगतो, ज्यानं त्या धृपदाचे शब्द लिहिले त्याला न विचारता त्याच्या आवाजावर आपला झेंडा चिकटवू नका. उद्या पलीकडच्या कुणी तेवढं धृपद कापून कन्नड झेंड्याच्या लाल-पिवळ्या कव्हरात काढलं तर तुम्हाला कसं वाटेल?

तुमच्या बाजूनं एक गोष्ट जड आहे आणि ती मी लपवणार नाही. आपल्याकडे टेपा विकणाऱ्यांपेक्षा दडवणाऱ्यांनी जास्त नुकसान केलंय. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच. बेळगाव ते धारवाड हा पट्टा गाण्याचा. इथल्या किती घरांत बैठकांच्या खाजगी स्पूल होत्या, किती जणांनी त्या जिवापाड जपल्या आणि जपता जपता मारल्या! "माझ्याकडे आहे" एवढं सांगण्यातच धन्यता. कुणाला कॉपी द्यायची नाही, स्वतः लावायची नाही, कपाटात ठेवायची. आपल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या टेपचं काय होतं ते तुम्हाला दाखवीन. कडेनं पांढरी बुरशी धरते, थर एकमेकांना चिकटतो, आणि लावायला गेलं की तपकिरी भुकटी हेडवर जमा होते. ती भुकटी म्हणजे गाणं. मी मूळ कॅसेट दर उन्हाळ्यात काढतो, एकदा पुढं एकदा मागं पूर्ण फिरवतो, सिलिका जेलच्या पुड्या बदलतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. दाबपट्टीचा स्पंज झडला होता, तो दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवला. तरी ती किती टिकेल सांगता येत नाही. तेव्हा दडवून ठेवा असं मी म्हणत नाहीच. तुमच्या धडपडीमुळं हे काम मला आज करावंसं वाटलं, एरवी टाळाटाळच चालली असती.

आणि हेही मान्य की या बँडच्या मागं कुठली कंपनी येणार नाही. कुणी मोठा संच काढणार नाही. जे काही निघेल ते तुमच्यासारख्या चार वेड्यांकडूनच. म्हणूनच कंपनीची परवानगी वगैरे मोठ्या गोष्टी मी मागत नाही. तिघे हयात आहेत, चौथ्याच्या घरी त्याची बायको आहे. त्यांचा होकार, कागदावर. त्यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि त्यापेक्षा कमीत भागतही नाही. नकार आला तर? येऊ शकतो. गाणारा सध्या पुण्यात असतो, त्याला स्वतःचा त्या वेळचा इंग्रजी उच्चार ऐकून घाम फुटतो असं त्यानं मला फोनवर सांगितलं. २०१९ साली रेडिओहेड या इंग्लिश बँडच्या जुन्या मिनीडिस्क कुणीतरी लांबवल्या. ती सगळी रद्दी समजून मागं ठेवलेली रेकॉर्डिंग्ज. बँडनं तो माल स्वतःच अठरा दिवसांसाठी अठरा पौंडांना खुला केला आणि पैसे पर्यावरणाच्या चळवळीला दिले. लाज वाटणारी टेपसुद्धा माणूस बाहेर काढतो, पण काढायची की नाही हे त्यानं ठरवायचं असतं. आपल्या गाणाऱ्याला अजून आठवड्याची, महिन्याची मुदत दिली तर काय बिघडतं? तीस वर्षं थांबलेली टेप आहे. तो हो म्हणेपर्यंत बँडचं नाव मीही छापत नाही.

कागदाचा विषय निघालाच आहे तर टेपच्या कागदाबद्दलही बोलतो. शेताचा उतारा असतो, जमीन कुणाकडून कुणाकडं आली ते त्यात दिसतं, तसा प्रत्येक टेपचा असावा. जाणती देवाणघेवाण करणारी मंडळी तो ठेवतात: मूळ कुठल्या मशीनवर, कुणी, कॉपी कितवी, कॉम्प्युटरवर घेताना कुठला डेक, वेग बदलला का, किती, काय कापलं. तुम्ही यातली एक ओळ लिहिली असती तर निदान पुढच्या माणसाला चूक कुठं झाली याचा माग काढता आला असता. आता दहा वर्षांनी कुणीतरी तुमच्या कॅसेटवरून लिहील की बेळगावात अमुक साली कॅम्पात अनप्लग्ड कार्यक्रम झाला, ड्रमवर तमुक. मग ते कुठंतरी छापून येईल, आणि मी असलो तर माझं कोण ऐकणार? छापील कव्हर आहे ना!

तेव्हा माझं म्हणणं असं. दुसरी खेप काढणार आहात असं कानावर आलंय, ती थांबवा. उरलेल्या कॅसेटी विकू नका, फेकूही नका. मूळ कॅसेट मी हातातून देणार नाही, पण माझ्या डेकवर, हेडचा कोन लावून, तुमच्यासमोर कॉम्प्युटरवर घ्यायला तयार आहे. बी साईडचा वेग गाण्यागणिक कॅसिओ धरून दुरुस्त करू. ते काम तुम्ही करा, तुमचे कान माझ्यापेक्षा तरुण आहेत, मला हल्ली झांज कमीच ऐकू येते. हॉर्न राहील. त्याची पहिली प्रत चार घरी जाईल, पैसे न घेता. मग तिघांना आणि शहापूरच्या वहिनींना एकत्र फोनवर घेऊन विचारू. हो म्हणाले तर पुन्हा काढा, वाटलं तर किंमतही ठेवा, माझी ना नाही. चार वाटे आधी ठरवा आणि लिहून ठेवा. माझा वाटा नको, कव्हरवर बारीक अक्षरांत "ध्वनिमुद्रण: गोडाऊनमध्ये" एवढं घातलंत तरी खूप झालं. आणि पहिल्या खेपेत जे जमलं त्याचा हिशेब, खर्च वजा जाता, त्याच बैठकीत मांडा. फार नसेल. तरी मांडा.

श्रावणात माझ्याकडे ऑर्डरी सुरू होतात आणि गणपतीत तर बोलायलाही फुरसत नसते, तेव्हा त्याच्या आत या. रविवारी सकाळी गोडाऊनवर मी असतो. येताना तुमची ती तिसरी कॉपी घेऊन या. माझ्या मूळ कॅसेटीत ए साईडच्या पाचव्या गाण्यात टेप एका जागी चुरगळलीय, आणि तेवढे दोन ओळींचे शब्द कदाचित तुमच्याकडेच धड उरले असतील.

कळावे,
तुमचा,
दुसऱ्या गेटजवळचा साऊंडवाला
टिळकवाडी, बेळगाव